वई

अकरा.
काल नऊ होते, परवा पुन्हा अकरा.
आईच्या जुन्या सुती साड्यांचे चौकोन,
चारपदरी, डेटॉलच्या वासाचे.
सकाळी सातला मी ते दोरीवर घालते
आणि समोरच्या टॉवरच्या काचा
एकेक करून मोजायला लागतात.

नागूबाईला यातलं काही सांगितलं नव्हतं.
करावे गावाच्या नाक्यावर, ताडपत्रीखाली
काळ्या पिशव्यांतल्या रोपांत ती बसलेली.
मी एवढंच म्हटलं, कुंपणाला काहीतरी द्या,
खाडीचा वारा अडला पाहिजे. आणि जरा आडोसा.

"वय लावाची हाय," ती म्हणाली.
त्यांच्या बोलीत वईला वय म्हणतात.
मी मात्र अठ्ठावन्न म्हणून मोकळी झाले.

"आडोसा कोनापासून?"
मी बोट वर केलं. चौदावा मजला.
तिनं तंबाखूची पुडी मिटली.
"आभालाला वय घालतं का कोन?"

मेंदी नको, पायातून बोडकी होते.
पिवळा बांबू मी आधीच मारून बसले होते:
मीठ लागून पानं करपली,
रात्रभर कोणी वर्तमानपत्र चाळतंय असा आवाज.
सुरूचं नाव काढलं तर सोसायटीची नोटीस.
सागरगोटा चांगला, पण काट्यांचा,
सुती कापड त्याच्या हाती लागलं तर संपलंच.
कण्हेर तर तिच्या पिशवीतूनच मी परत ठेवली.
आई हल्ली हाताला येईल ते तोंडात घालते,
जिनं तीस वर्षं नेरूळच्या पोरांना
पेन्सिल चावली म्हणून बाकावर उभं केलं.
टिपणीस बाई. अजून लोक रस्त्यात विचारतात,
बाई कशा आहेत?
बऱ्या आहेत, म्हणते मी.

"मग भिंतच घालते," मी म्हटलं.
"भितीवर वारा आपटतो, वरशी उडी मारतो
नि आतमंदी येऊन नाचतो.
वारा आडवाचा नसतो, बाय. चालाचा असतो."
चालाचा म्हणजे चाळायचा. पिठासारखा.
अर्धा येऊ द्यायचा.

शेवटी कोयनेल, जिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही,
आणि मध्ये मध्ये निर्गुडी.
दोन रांगा, नागमोडी, दीड हातावर.
"शेंडा खुड. वर जाया बघंल, खुड.
दोन वर्सं उंची मागू नको तिच्यापाशी.
आधी खालशी भरू दे."

दोन वर्षं.
मी मनात काहीतरी वजा केलं
आणि तीस रोपांचे पैसे दिले.

रोपं घोट्याएवढी आहेत.
त्यांच्यावरून सगळं दिसतं: टॉवर, खाडीची पट्टी,
आणि पलीकडचे वर्गीस, ज्यांच्याशी
गटाराच्या पाइपवरून सहा वर्षं अबोला.
बुधवारी दुपारी वारा सुटला,
चिमटे तटातटा तुटले
आणि तीन चौकोन उडून त्यांच्या अंगणात पडले.
मी दाराआड उभी राहिले. गेले नाही.

संध्याकाळी कोयनेलच्या रांगेवर
तिन्ही घडी करून ठेवलेले.
चौकोनी, कडेला कड जुळवून,
असल्या कपड्यांची सवय असलेल्या हातांची घडी.
तेव्हा आठवलं, त्यांच्याकडे ती बाई होती,
खुर्चीतली, खिडकीशी बसायची. कधीपासून दिसत नाही
हे मी मोजलंच नव्हतं.

आज शेंडे खुडले.
हाताला कडू वास राहिला, साबणानं जात नाही.
त्यांच्या बाजूची माती ओली होती.
मी तिकडे पाणी घातलेलं नाही.

आत आई हाक मारतेय, माझ्या नावानं नाही,
कुठल्या तरी विद्यार्थिनीच्या.
हजर, म्हणते मी,
आणि बादली उचलते.
आज आठच.